किल्लीबाईंनी जपलेला मीटर

मी एक जुना मीटर आहे. वीज मोजणारा नाही आणि टॅक्सीचं भाडं मोजणाराही नाही. मी फुग्यातली हवा मोजतो. हसू नका, मित्रांनो. माझा फुगा वाढदिवसाच्या भिंतीवर लावायचा नसतो. तो आजारी मुलांच्या गळ्यात असतो.

दिसायला मी घड्याळासारखा आहे. गोल चेहरा, एकच काटा, खाली दाबायचा रबरी गोळा आणि अंगातून निघालेली एक बारीक नळी. चेहऱ्यावर एक हिरवा पट्टा आहे, त्याच्यापुढे लाल. मला पहिल्यांदा पाहणारे लोक म्हणतात, "हे बंद पडलंय वाटतं." मी बंद पडलेलो नाही. मी आजही अचूक आहे, आणि माझं सगळं दुःख त्यातच आहे.

माझं काम तुम्हाला समजलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही. एखादं मूल इतकं आजारी पडतं की त्याला स्वतःचा श्वास ओढवत नाही. मग डॉक्टर त्याला झोपवून तोंडातून श्वासनळीत एक नळी घालतात आणि यंत्र त्या नळीतून हवा ढकलतं. हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीच्या आतल्या टोकाला एक छोटा फुगा असतो. त्याचीच एक शेपटी तोंडाबाहेर लोंबते, आणि त्या शेपटीला आणखी एक चिमुकला फुगा असतो. तिथे मला जोडतात. काटा हिरव्यात असला तर ठीक. लाल भागात गेला तर समजायचं, फुगा श्वासनळीला आतून दाबतोय.

लहान मुलाची श्वासनळी त्याच्या करंगळीएवढी असते. तिला आतून दाबलं की तिथलं रक्त थांबतं, कातडं सोलवटतं आणि सूज येते. नळी आत आहे तोवर कुणाला काही कळत नाही, कारण वाट नळीनेच उघडी धरलेली असते. मूल बरं होतं. घरचे लोक आनंदाने रडतात. मग नळी काढतात, आणि सुजलेली वाट मिटायला लागते. ज्याला वाचवलं त्याचाच गळा आवळला जातो, आणि आवळणारे हात वाचवणाऱ्यांचेच असतात. एवढंच टाळण्यासाठी मी जन्मलो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे डोळ्याला भिंग लावलेल्या बायका ओळीने बसायच्या. माझा काटा बसवणारी बाई फटकळ होती. काटा जरा थरथरला की ती म्हणायची, "तू खोटं बोलणार," आणि तो मीटर बादलीत टाकायची. माझ्या आधीचा बादलीत गेला. माझ्या नंतरचाही गेला. मला तिने उलटसुलट करून पाहिलं, नाक मुरडलं आणि खोक्यात ठेवलं. तिच्याकडून तेवढंच कौतुक मिळायचं.

मी आणि माझ्याच खोक्यात आलेला माझा भाऊ, आम्ही दोघे एका मोठ्या इस्पितळात मुलांच्या अतिदक्षता विभागात आलो. तिथे एक भूलतज्ज्ञ बाई होत्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, आणि कुणालाही चारचौघांत फाडून खाणाऱ्या. त्यांनी आल्या दिवशीच आम्हाला दोरी बांधून औषधांच्या ट्रॉलीला लटकवलं. प्रत्येक पाळी बदलताना प्रत्येक नळीला मीटर लागलाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता.

त्या विभागात एक जुनी सवय होती. बाहेरचा चिमुकला फुगा दोन बोटांत धरून दाबायचा आणि डोळे किलकिले करून म्हणायचं, "बरोबर आहे." लोणी मऊ झालंय का हे पाहावं तसं. भूलतज्ज्ञ बाईंनी एका सकाळी सगळ्यांना एका खाटेभोवती गोळा केलं.

"दाबा," त्या म्हणाल्या. "बोटांना विचारा किती दाब आहे."

एकेकाने दाबलं. विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "एकदम बरोबर." एक उंच सिस्टर म्हणाली, "थोडी कमी वाटते." इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "थोडी भरू या का?"

मग बाईंनी स्वतः दाबलं आणि म्हणाल्या, "मला ठीक वाटतंय." आणि मला जोडलं. माझा काटा हिरवा पट्टा ओलांडून थेट लालच्या टोकाला गेला.

बाई म्हणाल्या, "बघितलंत? आपण सगळे मिळून या पोराचा गळा दाबत होतो. मीसुद्धा. आणि किती प्रेमाने!" मग त्यांनी माझ्या वाटे हवा सोडली, काटा हिरव्यात आणला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मोठ्या डॉक्टरांचे कान लाल झाले होते. ती सकाळ ते विसरले नाहीत, पण त्यांना त्यातला मी आठवायचो नाही. फक्त अपमान आठवायचा.

ते दिवस माझे सुखाचे होते, मित्रांनो. माझी नळी चिकट व्हायची, काचेवर ओरखडे पडायचे, गोळ्यावर कुणाकुणाच्या बोटांचे डाग असायचे. नळी काढायच्या आधी बाईंचे सगळे सोपस्कार व्हायचे. ज्या मुलाचा गळा सुजलेला असेल अशी शंका, त्याला आदल्या दिवसापासून सूज उतरवणारं इंजेक्शन. मग फुगा रिकामा करून तोंडाशी कान लावायचा. नळीच्या बाजूने हवा फुसफुसत बाहेर आली तर वाट मोकळी आहे. काहीच आवाज आला नाही तर थांबायचं. आणि वाफेचं औषध उशाशी तयार ठेवूनच नळी काढायची. नळी काढली की मूल खोकायचं, रडायचं, शिव्यासुद्धा द्यायचं. एका मुलाने शुद्धीवर येताच बाईंना "म्हातारे" म्हटलं. त्या दिवसभर सगळ्यांना सांगत फिरल्या, "काय खणखणीत आवाज आहे लेकाचा!"

पुढे त्या दुसऱ्या शहरात निघून गेल्या. जाताना मला हातात घेतलं, काचेवरून अंगठा फिरवला आणि परत ट्रॉलीला अडकवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा भाऊ पडला. ट्रॉली दाराला धडकली, दोरी तुटली आणि तो फरशीवर तोंडावर आपटला. काच फुटली, काटा निखळला. मित्रांनो, भावाच्या मरणाचं मला दुःख झालं, पण खरी शिक्षा झाली ती इन्चार्ज सिस्टरांना. त्यांना ऑफिसात बोलावलं. साहेबांनी शिपायासमोर, कारकुनासमोर विचारलं, "तुमच्या घरातल्या वस्तू तुम्ही अशाच फोडता का?" केस पांढरे झालेली ती बाई मान खाली घालून उभी राहिली. परत आली ती तडक माझ्याकडे. दोरी कापली, मला स्पिरिटने लख्ख पुसलं, मऊ फडक्यात गुंडाळलं आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला गेली. त्या दिवसापासून सगळे त्यांना मागून किल्लीबाई म्हणू लागले.

किल्लीबाई वाईट नव्हत्या, हे मला सांगितलं पाहिजे. दर शनिवारी त्या मला बाहेर काढायच्या, पुसायच्या आणि काटा हलतो की नाही ते नळीचं तोंड स्वतःच्या दंडाला टेकवून, गोळा दाबून बघायच्या. तळहातावरच्या फोडासारखं जपायच्या. तपासणीला कुणी मोठे लोक आले की मला पांढऱ्या टॉवेलवर मांडायच्या. पाहुणे म्हणायचे, "वा! मीटरसुद्धा आहे! आणि किती नव्यासारखा!" काम करत होतो तेव्हा मला इतकं कधी कुणी वाखाणलं नव्हतं. पाहुणे गेले की मी पुन्हा कुलपात.

आणि खाटांवर पुन्हा बोटं आली. शिवाय एक नवीन रीत सुरू झाली. पाळीवर येणारी प्रत्येक सिस्टर फुगा दाबून बघायची. आपल्या पाळीत हवा निसटली असा ठपका कुणाला नको असायचा. म्हणून ती पिचकारीने थोडीशी हवा भरायची. पुढच्या पाळीची सिस्टर तिच्या वाटणीची थोडीशी भरायची. काढायचं मात्र कुणीच नाही. सगळ्या डोळ्यांत तेल घालून काम करायच्या, आणि सगळ्या मिळून फुगा फुगवत राहायच्या. मी काचेआडून बघत राहायचो. काही मुलं नळी काढल्यावर शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घ्यायची. वाफेचं औषध द्यायचे, बरी व्हायची. "मुलांना होतं असं," मोठे डॉक्टर म्हणायचे.

मग बातमीदार आली.

ती साडेचार वर्षांची मुलगी होती. न्यूमोनिया झालेला, धाप लागलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी तोंडाचा पट्टा चालूच. मास्क बाजूला सरकवून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "त्या डॉक्टरांच्या पायात दोन वेगळे मोजे आहेत." "ती सिस्टर गुपचूप बिस्किट खाते." सगळं खरं असायचं. बातमीदार हे नाव तिला विभागानेच ठेवलं.

तिची आई एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर लोकांचे शिव्याशाप ऐकायचे आणि "क्षमस्व" म्हणायचं, अशी ती नोकरी. मायलेकींचा एक नेम होता. संध्याकाळी आईची पाळी संपायच्या आत लेकीने शेजारच्यांच्या फोनवरून आईला फोन करायचा. आई विचारायची, "हॅलो, आज काय बातमी?" आणि लेक दिवसभरातलं सगळं ओकायची. आई हे उंच सिस्टरला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. "दिवसभरात तेवढा एकच फोन चांगला असतो हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बातमीदाराला श्वास पुरेना. नळी घालावी लागली. झोपवायच्या आधी ती विचारत होती, "नळी काढल्यावर मला बोलता येईल ना?" मोठे डॉक्टर हसून म्हणाले, "अगं, तुला गप्प बसवणं कुणाला जमणार?" सगळे हसले. तिला ते वचन वाटलं.

बातमीदार नळीवर होती तोवर मी तिचा फुगा रोज पाहत होतो. पाळीमागून पाळी, थोडी थोडी हवा. उंच सिस्टर एकदा किल्लीबाईंकडे आली.

"मॅडम, तो मीटर द्या ना जरा. या मुलीचा फुगा मला टणक वाटतोय."

"हात लावून बघितलास ना?"

"हाताचं काय खरं, मॅडम? आठवतंय ना, बाईंनी सगळ्यांना दाखवलं होतं?"

"मला सगळं आठवतं." किल्लीबाईंचा हात कमरेवर गेला. "मला ऑफिसपण आठवतं. तू फोडशील आणि मी उभी राहीन. शनिवारी पुसायला काढते, तेव्हा लाव."

"शनिवारला वेळ आहे अजून."

"मग मुलगी कुठे पळून चाललीय?"

मी तिथेच होतो, मित्रांनो. दोघींच्या डोक्यामागे, काचेला टेकून. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

मुलगी सुधारली. शनिवार यायच्या आधीच तिची फुप्फुसं मोकळी झाली. सकाळच्या फेरीत मोठे डॉक्टर म्हणाले, "आज नळी काढू या. खाट हवीय, खाली एक पोर वाट बघतंय."

उंच सिस्टर म्हणाली, "सर, सूज उतरायचं इंजेक्शन दिलेलं नाही. आणि फुगा रिकामा करून ऐकलं, तर बाजूने हवा येत नाहीये."

डॉक्टर जवळ आले, वाकले, कान लावला. "येतेय की थोडी."

"मला नाही ऐकू आली, सर."

"यंत्रांच्या आवाजात कशी येईल?" त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. ते खाली वाट बघणाऱ्या पोराचाही विचार करत होते. ते पोर खरंच निळं पडलं होतं, असं नंतर माझ्या कानावर आलं, हेही मी सांगितलं पाहिजे. "सिस्टर, इतकी वर्षं काढतोय मी नळ्या. घाबरू नका."

नळी निघाली. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बातमीदाराने डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बाहेर आली ती एक शीळ. प्रत्येक श्वासाला बारीक, कर्कश शीळ. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाऊ लागला, बरगड्यांमधली जागा आत जाऊ लागली. मुलीला वाटलं आपण जोरात बोलत नाही म्हणून आईला ऐकू येत नाही. ती आणखी जोर करू लागली. जितका जोर करी तितकी शीळ वाढे.

"वाफ द्या! लवकर!" वाफेचं औषध तयार नव्हतं. कुणीतरी बाटली शोधायला धावलं. मिळेपर्यंत तिचे ओठ जांभळे झाले. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, थोडा वेळ बरं वाटलं आणि पुन्हा तेच. आईला बाहेर काढलं. दार बंद होईपर्यंत ती म्हणत होती, "बोलू नकोस, बाळा. बोलू नकोस. नंतर सांग."

पुन्हा नळी घातली, आधीपेक्षा बारीक. ती आत शिरेना. गळ्यात जागाच उरली नव्हती. कशीबशी सरकवली. काही दिवसांनी सगळं नीट करून, इंजेक्शनं देऊन पुन्हा काढायला गेले, तरी शीळ आलीच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आत पाहिलं. फुगा जिथे होता तिथे गोल जखम होती, आणि ती आकसत चालली होती. त्यांनी गळ्याला पुढून भोक पाडून तिथे नळी बसवली. आता तिचा श्वास आवाजाच्या पेटीच्या खालूनच बाहेर जातो. ती जगली. पण आवाज नाही.

"कायमचं?" आईने विचारलं.

"ऑपरेशनं लागतील," डॉक्टर म्हणाले. "एक-दोन वर्षांनी बघू. सांगता येत नाही."

आई म्हणाली, "क्षमस्व." मग तिच्याच लक्षात आलं आपण काय म्हणालो ते, आणि ती भिंतीला धरून खाली बसली. कामाची सवय होती ती.

चौकशी झाली. वरून तिघे आले, खुर्च्या मांडल्या, चहा झाला. त्यांतल्या एकाने विचारलं, "फुग्याचा दाब मोजायचं साधन विभागात आहे का?"

किल्लीबाईंनी कपाट उघडलं. मला त्यांनी धक्का लागू दिला नाही. पांढऱ्या टॉवेलवर ठेवलं. विचारणाऱ्या साहेबाने गोळा दाबला, काटा हलला. दुसऱ्याने काच बोटाने पुसून पाहिली. काचेवर धूळ नव्हती.

"साधन आहे, आणि उत्तम स्थितीत आहे," तो म्हणाला. "निगा चांगली ठेवलीय."

उंच सिस्टर म्हणाली, "साहेब, पण तो कपाटात—"

"सिस्टर, विचारल्यावर बोला."

झालं. मी होतो म्हणून कुणाची चूक नव्हती. माझ्या चकचकीत चेहऱ्याने सगळ्यांना सोडवलं. माझ्या भावाचे तुकडे झाले तेव्हा एका बाईला मान खाली घालावी लागली. या मुलीचा गळा मिटला तेव्हा सगळ्यांनी मान वर करून चहा संपवला. मला त्या दिवशी स्वतःच्या लखलखीतपणाची किळस आली.

किल्लीबाई सगळे गेल्यावर कपाटासमोर उभ्या राहून रडल्या. खूप रडल्या. मग त्यांनी माझ्यावर पडलेला एक थेंब फडक्याने टिपला आणि कुलूप लावलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

त्या आठवड्यात आईला कामावर परतावं लागलं. संध्याकाळी विभागातला फोन वाजला. तो कपाटाच्या शेजारीच आहे. उंच सिस्टरने उचलला, ऐकलं, आणि लांब तार ओढत तो खाटेपाशी नेला. बातमीदाराच्या कानाला लावला.

तारेतून आईचा आवाज मलाही ऐकू आला. तक्रारी ऐकताना असतो तसा तो नव्हता.

"हॅलो. आज काय बातमी?"

मुलीने तोंड उघडलं. तिच्याकडे बातमी होती. मी तिचा चेहरा बघत होतो. ती चौकशीला आलेल्या साहेबाची असेल, चहाची असेल, किंवा कपाटात बंद केलेल्या माझीही असेल. ओठ भरभर हलत होते. गळ्यातल्या नळीतून फक्त हवा ये-जा करत होती. ती थांबली, सिस्टरकडे बघितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तिला वाटलं फोन बिघडलाय.

"ऐकतेय हं मी," आई म्हणाली. "सांग. ऐकतेय मी."

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मुलीचे ओठ थांबेपर्यंत.

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या आत्मकथा नेहमी एका विनंतीने संपतात. आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा, असं आम्ही सांगतो. मी उलटं सांगणार आहे. मला जपू नका. माझं कुलूप काढा. मला दोरीने ट्रॉलीला टांगा, चिकट हातांनी धरा, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक फुग्याला लावा, ओरखडे पडू द्या. एक दिवस मी पडेन, माझी काच फुटेल. फुटू द्या. माझ्यासाठी कुणाला ऑफिसात उभं करू नका. फरशी झाडा, तुकडे बादलीत टाका आणि दुसरा मीटर आणा.

आज शनिवार आहे. कमरेवरच्या किल्ल्या वाजत जवळ येताहेत. कपाट उघडेल, मला बाहेर काढतील, आणि खाटेवरची मुलगी आमच्याकडे बघत असताना मला लख्ख पुसून परत ठेवतील.